चांद्याच्या कपाळाचं ठिगळ

रुख्माबाई मेश्रामचा आवाज किरनापुरच्या बसस्टँडवर चढला की लांजीला जाणारा ड्रायव्हरसुद्धा सीटवर सरळ होऊन बसतो. एकदा एका नव्या कंडक्टरनं तिच्या टोपलीतल्या कोंबडीचं तिकीट मागितलं. बाईनं कोंबडी उचलली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "घे, फाड इचं तिकीट. पन मंग इले खिडकीपाशी जागा पायजे." पुढच्या स्टॉपपर्यंत कंडक्टर कोंबडी धरून उभा होता आणि गाडीतली माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती.

अशी बाई. राशन दुकानदार तिला बघून आधी काटा पुसायचा, मग रामराम करायचा. रामरामाला ती "जयभीम" म्हणायची, आणि समोरचाही "जयभीम" म्हणेपर्यंत पिशवी उघडायची नाही. नवरा सुखराम मात्र गरीब गाय. तिच्या मागून दोन पावलं चालायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "समोरून वारा लागते ना बापा, म्हनून आडोश्यानं चालतो."

या बाईचा जीव एकाच ठिकाणी मऊ होता. चांद्यापाशी. चांद्या म्हणजे तिचा पांढरा बैल, कपाळावर करड्या चंद्रकोरीचा. गाय विताना गेली, तेव्हा रुख्माबाईनं त्या वासराला शेळीचं दूध आणि तांदळाची पेज पाजून वाढवलं. सुखराम सांगतो, पोरीच्या लग्नात ही रडली नाही, उलट वरातीतल्या बँडवाल्याशी भांडली. पण चांद्याच्या मानेवर पहिल्यांदा जू ठेवलं तेव्हा पदर तोंडात कोंबून बसली होती.

तर उन्हाळ्यात या चांद्याचं डावं शिंग मोडलं.

कान खाजला म्हणून त्यानं मोहाच्या झाडाच्या बेचक्यात डोकं घातलं. शिंग अडकलं. आता बैलानं थोडं थांबावं, धन्याला हाक मारावी. पण धनी रुख्माबाई, बैलही तिच्याच वळणाचा! एक हिसडा, आणि शिंग मुळासकट झाडात, बैल बाहेर. रक्त पाहून सुखराम तिथंच खाली बसला. रुख्माबाईनं हळद दाबली, लुगडं फाडून बांधलं, आणि बांधता बांधता आधी झाडाला, मग बैलाला, मग नवऱ्याला शिव्या दिल्या. जखम हळूहळू आवळत आली. पण कपाळाच्या कडेला अंगठा जाईल एवढं भोक राहिलं, ते काही केल्या बुजेना.

बैलाचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी थेट डोक्यातल्या पोकळीत उघडते, हे गावात कुणाला ठाऊक? पहिला पाऊस पडून गेला, वखर जुंपला, चांद्यानं ओढायला दम भरला, आणि फुईईस! सुखराम झटकन बांधावर सरकला. त्याला वाटलं मागून मोटारसायकल आली. मागं कुणी नाही. पुन्हा फुईईस. चांद्या कपाळातून शिट्टी वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी शेजारची जिजाबाई विळा मागायला आली. सकाळची गार वेळ, चांद्या रवंथ करत उभा आणि कपाळाच्या भोकातून वाफेची बारीक रेघ वर चाललेली. जिजाबाईच्या हातातलं सगळं खाली पडलं.

"अवं मायवं! तिसरा डोया!"

झालं. संध्याकाळी पहिला नारळ फुटला. कुणीतरी रील काढली, आणि आठवड्याच्या आत रामपायलीहून जीप भरून बाया आल्या. बैल शिट्टी वाजवी, बाया हात जोडीत. एकीच्या मते शिट्टी लांब आली तर काम होते, दुसरीच्या मते तुटक आली तर. भोकाला हळद, भोकाला कुंकू, भोकात तांदूळ. कुणी अगरबत्ती लावायला जागा शोधली, तीही तिथंच सापडली.

आणि खरं सांगायचं तर रुख्माबाईला मजा वाटली. का वाटू नये? ज्या घरांत आजही तिच्यासाठी पाण्याचा गिलास वेगळा निघतो, त्या घरांतली माणसं तिच्या कोठ्यात शेणात गुडघे टेकून बसली होती. पोळ्याला जे लोक तिचे बैल तोरणाच्या पार शेवटच्या टोकाला, सांडपाण्याच्या नालीपाशी, उभे करायला लावत, त्यांचा म्होरक्या मोतीलाल पटेल स्वतः नारळ घेऊन आला. बाई खाटेवर बसून होती. उठली नाही.

"पटेल, जोडे भायेर."

"कोठ्यात जोडे काढू? शेन हाय व रुख्माबाई!"

"देव हाय म्हनता ना? देवाजवळ जोडे घालून जाते का कोनी?"

पटेलानं जोडे काढले. पाय शेणात रुतला. रुख्माबाईनं पदराआड असं काही हसून घेतलं की खाट कुरकुरली. जाताना पटेल म्हणाला, "यंदा पोळ्याले तुहा बैल पयला उभा राहीन. तोरनाच्या मधात. माहा शब्द." सुखरामला तर त्या दिवशी जेवणच गेलं नाही. आनंदानं.

पण चांद्यालाही जेवण जाईना, आणि त्याचं कारण आनंद नव्हतं. तो मान वाकडी करून उभा राहू लागला. डाव्या नाकपुडीतून घाण वाहू लागली, कोठ्यात शिरताच उलटी यावी असा वास. रुख्माबाईनं पेज करून तोंडाशी धरली, लहानपणी धरायची तशी. चांद्यानं तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बाई बाहेर आली, रांगेत उभ्या असलेल्या बायांना म्हणाली, "आज देव बिमार हाय. चाला घरी," आणि फोन लावला.

बालाघाटहून डॉक्टर नूतन आल्या. वय कमी, स्कूटी जुनी, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. त्यांनी टॉर्चनं भोकात पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "मावशी, याच्यात काय काय टाकलं?"

"म्या नाई टाकलं. देशानं टाकलं."

मॅडमनी चिमट्यानं एकेक जिन्नस बाहेर काढायला सुरुवात केली. फुगलेले तांदूळ. कुंकवाचा लगदा. बेलाचं पान. अगरबत्तीची काडी. कापराचा तुकडा. प्रत्येक वस्तूला सुखराम मान खाली घालत गेला, जणू त्याच्याच खिशातून निघतंय. मग मॅडमनी लाल दवा घातलेलं कोमट पाणी पिचकारीनं भोकात सोडलं आणि ते सरळ चांद्याच्या नाकातून गुलाबी धार होऊन खाली आलं. दारातून पाहणारी जिजाबाई ओरडली, "गंगा! गंगा निंगाली!"

"गंगा नाही आजी, पीप आहे. पू." मॅडमनी पिचकारी पुन्हा भरली. "मावशी, ऐका. डोक्याच्या आत हवेच्या खोल्या असतात. शिंग मोडलं तर खोलीचं दार उघडं राहिलं. घाण आत जाऊन राह्यली. ही अजून आत, दिमागपर्यंत गेली, तर बैल नाही वाचणार."

"दार बंद करा मंग."

"आधी रोज धुवावं लागेल. साफ झालं की ऑपरेशन. भोक मोठं आहे, आपोआप नाही भरणार. ठिगळ लावावं लागेल."

"ठिगळ? कायचं?"

"त्याचंच. मांडीत मांसावर पांढरा पडदा असतो, त्याचा तुकडा काढून आत शिवू. त्याच्यावर कपाळाची चामडी सरकवून शिवू. गोधडीला आतून अस्तर, वरून कापड, तसं."

सुखरामला आता राहवेना. "म्याडम, मांडीतलं डोक्श्यात लावलं, तं मंग थो डोक्श्यानं लाथ मारन का?"

मॅडम हसता हसता शेणात बसता बसता राहिल्या. पण मग गंभीर झाल्या. "काका, गॅरंटी नाही देत मी. ठिगळ पकडलं तर पकडलं. नाही पकडलं, काळं पडलं, तर भोक आजच्यापेक्षा मोठं होईल. मग माझ्याजवळ काही इलाज नाही."

ही बातमी गावात पोहोचायला वेळ लागला नाही, कारण जिजाबाई दारातच होती. तासाभरात मोतीलाल पटेल चार माणसं घेऊन हजर.

"रुख्माबाई, देवाचा डोया शिवता का?"

"देवाचा डोया हाय तं त्यातून पू काहून येऊन राह्यला गा?"

"आस्था हाय लोकाईची! अन् आजकाल ट्रॅक्टरचा जमाना. बैलाच्या डोक्श्याले ठिगळ कोन लावते?"

"पटेल," रुख्माबाई उठली, आणि ती उठली की माणसं नकळत मागं सरतात, "उद्या तुह्या डोक्श्याले भोकाड पडलं ना, तं म्या बी येईन हळद-कुंकू घेऊन. तुह्या घरच्यानं डॉक्टर बोलावला तं म्हनीन, आस्था हाय! चालन?"

पटेलानं डोक्यावरून हात फिरवला. सगळं शाबूत असल्याची खात्री केली. "मंग पोळ्याची गोठ इसर. शिंग नाई, डोया नाई. खंडित बैल तोरनाखाली उभा राहत नाई. नालीपाशी बांधजो."

ते गेले. सुखराम खाटेच्या काठावर टेकला. "असू दे ना व भोक," तो हळूच म्हणाला. "रोज धुत जाऊ. धुतलं तं जगन बी, अन् मान बी राहीन. पयल्यांदा कोनी आपल्या दारात जोडे काढले."

रुख्माबाई त्याच्यावर खेकसली नाही, हेच नवल. कारण तिच्याही मनात तेच आलं होतं. जोडे काढणारा पटेल तिला फार आवडला होता. तिनं कोठ्यात पाहिलं. चांद्या मान वाकडी करून उभा, आणि श्वासागणिक ती शिट्टी. आता बारीक, ओली, दमलेली.

"जोडे भोकासाठी काढले त्यानं," ती म्हणाली. "आपल्यासाठी नाई. शिवा थे."

धुण्याचे दिवस संपले, नाकातून स्वच्छ पाणी यायला लागलं, आणि चांद्या पिकअपमध्ये बसून तालुक्याला, किरनापुरला, गेला. जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात लोखंडी खोडा आहे, त्यात त्याला उभं केलं. गुंगीची सुई लागली तशी त्याची मान लोंबली, ओठ लोंबले, आणि तो भर दुपारी उभ्या उभ्या घोरू लागला. नाकातून घोरणं, कपाळातून शिट्टी! दवाखान्यात आलेली एक म्हैस घाबरून मागच्या मागं रस्त्यावर गेली.

कपाळ सुन्न करून झालं. मॅडम वस्तरा घेऊन मांडी भादरायला लागल्या तर सुखराम लगबगीनं पुढं झाला. "म्याडम, डोक्सं तिकडं हाय."

"मालूम है काका."

पडदा निघाला. ओल्या पांढऱ्या रुमालासारखा, पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा. मॅडमनी भोकाच्या कडा खरवडून ताज्या केल्या, पडदा आत बसवला, बारीक टाके घातले, मग कपाळाची चामडी एका बाजूनं सोडवून, एका बाजूनं तशीच जोडलेली ठेवून, वर सरकवली. "ही बाजू नाही कापायची. इथूनच रक्त येते हिला. मूळ तुटलं तर ठिगळ मेलं." रुख्माबाई चांद्याचा कान धरून उभी होती. शेवटचा टाका बसला. मॅडम थांबल्या. चांद्यानं श्वास सोडला.

शिट्टी नाही.

"आज हवाबंद आहे," मॅडम म्हणाल्या. "पण पकडलं की नाही, ते टाके काढेपर्यंत कळत नाही. गुलाबी आणि कोमट राहिलं तर जिवंत. काळं, थंड झालं तर गेलं. शिट्टी वाजली तरी गेलं. माशी बसू द्यायची नाही, डोकं घासू द्यायचं नाही, अन् कपाळावर काही म्हणजे काही बांधायचं नाही. आवळलं तर रक्त थांबेल."

मग सुरू झाली शिट्टीची भीती. इतके दिवस सगळं गाव शिट्टी ऐकायला यायचं, आता रुख्माबाई शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून कान लावून बसायची. जिजाबाईचा कुकर वाजला की ही चमच्यासकट कोठ्यात धावे. दोनदा धावली, तिसऱ्यांदा भिंतीवरून ओरडली, "जिजे, डाळ उघड्या गंजात शिजव! पोळा होयेपर्यंत कुकर लावला तं भिरकावून देईन!"

"काय बाई तरी! बैलासाठी मानसानं कच्ची डाळ खावं का?"

"खाय. गप राहशीन थोडी."

गल्लीत कुणी पोरीला पाहून शिट्टी मारायची तर तेही बंद झालं. गावातल्या आया म्हणाल्या, हे एक बरं झालं.

पोळ्याच्या दिवशी मॅडमचा निरोप आला: हळूहळू चालवत न्या हवं तर, कपाळ मोकळं ठेवा, संध्याकाळी तिकडंच येते, टाके बघते. रुख्माबाई पुरणात अडकली होती. तिनं सुखरामला बजावलं, "झूल घाला, घागरमाळ घाला, उरलेलं शिंग रंगवा. डोक्श्याले हात लावाचा नाई."

"हौ," सुखराम म्हणाला.

आणि त्यानं मनापासूनच "हौ" म्हटलं होतं. पण मैदानात जाऊन पाहतो तर गावचे बैल नवरदेवासारखे नटलेले, प्रत्येकाच्या कपाळावर आरशाचं बाशिंग झळकतंय. पटेलाच्या माणसानं चांद्याला नालीपाशी नेलं. कुणीतरी हसून म्हणालं, "आला पाहा, बिनशिंगी, बिनडोयी!" सुखरामच्या पिशवीत एक बाशिंग होतं. बालाघाटच्या बाजारातून, बायकोला न सांगता आणलेलं. मोठं, जांभळ्या कागदाचं, सगळं कपाळ झाकून टाकणारं. पोळ्याला बैल बिनबाशिंगाचा? नवरदेव बिनकपड्याचा उभा करतात का? त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि बांधलं. घट्ट. पडू नये म्हणून आणखी एक गाठ.

रुख्माबाई पुरणाचे हात पुसत आली आणि तिनं लांबूनच ते जांभळं पाहिलं.

तिनं घातलेल्या आरोळीनं वाजंत्री थांबली. टिपरी हवेतच राहिली. दोन खोंड दोर तोडून पळाले. ती बैलांच्या पोटाखालून, घुंगरांमधून, झुली उडवत धावली. "मूळ आवळलं! अवो, मूळ आवळलं तुमी!" सुखरामला काही कळेना, तो नुसता "हौ, हौ" करत गाठ शोधू लागला, आणि गाठी होत्या दोन. तिनं दातांनी तोडल्या.

बाशिंग निघालं. खाली ठिगळ काळंठिक्कर.

रुख्माबाई चांद्याच्या पुढच्या पायाला धरून खाली बसली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईच्या तोंडून नुसती हवा आली. सुखराम तर रडायलाच लागला. तेवढ्यात गर्दीतून स्कूटीचा हॉर्न. मॅडम उतरल्या, वाकल्या, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मग कापूस ओला केला आणि हलक्या हातानं पुसलं.

कापूस जांभळा झाला.

"बाशिंगाचा रंग सुटला, मावशी! घामानं!" आणखी एक बोळा, आणखी एक. जांभळ्याखालून गुलाबी वर आलं. रुख्माबाईनं बोटाची मागची बाजू टेकवली. कोमट. तव्यावरून काढून ठेवलेल्या पोळीसारखं कोमट.

"शिट्टी?" तिनं कसंबसं विचारलं.

"ऐकावं लागेल. सगळे चुप! एकदम चुप!"

सगळं गाव चूप झालं. पटेल चूप झाला. जिजाबाई तोंडावर हात ठेवून चूप झाली, आणि असं यापूर्वी झाल्याचं कुणाला आठवत नाही. एखादं घुंगरू तेवढं वाजत होतं. चांद्यानं दम भरला. पोट फुगलं. जवळून नीट ऐकावं म्हणून मोतीलाल पटेल पांढऱ्या सदऱ्यात पुढं वाकला. चांद्यानं डोळे बारीक केले, थांबला, आणि दोन्ही नाकपुड्यांतून तोफ सोडावी तसा फुर्रकला. सगळा माल पटेलाच्या सदऱ्यावर.

कपाळातून चकार आवाज नाही.

"पकडलं!" मॅडम ओरडल्या. "ठिगळ पकडलं!"

काय गोंधळ उठला! वाजंत्री सुरू झाली, तीही कुणी न सांगता. पटेल सदरा झटकत पुढं आला, "हे काय लावलं?" म्हणत, तर चांद्यानं चांगल्या शिंगाच्या बाजूनं त्याला असा अलगद ढोसा दिला की पटेल नालीच्या काठावर जाऊन बसला.

"म्या म्हनलं नव्हतं का?" सुखराम डोळे पुसत, हसत, नाचत होता. "मांडीचं लावलं! लाथ डोक्श्यातून निंगाली!"

आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात. एकानं चार ओळींत टोमणा मारायचा, दुसऱ्यानं परतवायचा. म्हणतात पुरुष. त्या दिवशी रुख्माबाई एका बैलगाडीवर चढली, कमरेवर हात ठेवले आणि बांध फुटावा तशी सुटली:

"शिंग मोडलं मोहाच्या खांदीवर,
भोक बसलं देवाच्या गादीवर!
पटेल पडला पायावर,
माशा बसल्या घावावर!
मांडीचं ठिगळ कपाळाले,
इचारा मोतीलालाले,
शिंग एक असो का दोन,
पयला तोरनाखाली कोन?"

"चांद्या!" मैदान ओरडलं. पटेलाचा पोरगासुद्धा ओरडला, मग बापाकडे पाहून गप्प झाला. झडतीच्या शेवटी देवाचा जयकारा असतो. लोक तिच्या तोंडाकडे पाहत थांबले. जयभीम म्हणणाऱ्या रुख्माबाईनं हात झटकले. "माहं झालं. पुढचं तुमचं तुमी म्हना." त्यांनी म्हटलं, आणि असं दणकून म्हटलं की तोरणाचा दोर धरणाऱ्याच्या हातून दोर सुटला, आंब्याची पानं खाली आली. तोरण पडलं म्हणजे पोळा फुटला!

बैलवाले सगळे हसण्यात गुंतलेले, कासरे ढिले. चांद्या एकटाच मोकळा होता, त्याचा कासरा सुखरामनं नाचताना कधीच सोडला होता. तो नालीपासून निघाला, आरामात, मान सरळ ठेवून, एक शिंग लाल, कपाळ उघडं आणि त्यावर टाक्यांची नक्षी, आणि पडलेलं तोरण ओलांडून सगळ्यांच्या आधी पलीकडे गेला. कुणी त्याला नेलं नाही. कुणी अडवलंही नाही. जाताना आंब्याची चार पानं खाल्ली.

जिजाबाई नारळ हातात घेऊन तशीच उभी होती. "रुख्मा, आता हा कुठं फोडू व?"

"दगडावर फोड. अन् खोबरं इकडं दे."

जांभळं बाशिंग अजून रुख्माबाईच्या हातातच होतं. तिनं सुखरामकडे पाहिलं. तो शिव्या खायला तयार होऊन, डोळे मिटून, मान पुढं करून उभा राहिला. तिनं बाशिंग त्याच्या कपाळावर ठेवलं आणि मागं गाठ मारली.

"आपल्या लग्नात बाशिंग नव्हतं ना? घ्या, बांधा. आता चाला सामोरं. म्या येतो मागून."

सुखराम आयुष्यात पहिल्यांदा पुढं चालला. कपाळ जांभळं झालं होतं.